प्रश्न उद्भवत नाही : लॉबिंगवर उपरोध लिहायला बसणाऱ्या नवोदितांसाठी

दिवाळी अंकाचं काम सुरू झालं की जून-जुलैपासून माझ्याकडे नव्या मुलामुलींचे विनोदी लेख यायला लागतात. त्यातले निम्मे राजकारणावर असतात आणि त्या निम्म्यांत एकच माणूस असतो : पोट सुटलेला मंत्री. शेजारी सफारीतला उद्योगपती, मधे नोटांची बॅग, शेवटी दोघांचं गडगडाटी हास्य. हा मंत्री मी पंधरा वर्षं वाचतोय. तो कुणालाही लागत नाही. खरा मंत्री असा लेख वाचतो, आरशात बघतो आणि म्हणतो, माझं कुठं पोट सुटलंय?

शिवाय लॉबिंग करणारी, म्हणजे सरकारचे निर्णय आपल्या बाजूने वळवायला जाणारी, माणसं बॅग घेऊन येतच नाहीत. ती पीपीटी घेऊन येतात. त्यांचं मराठी शुद्ध असतं, इंग्रजी त्याहून शुद्ध असतं आणि चहात साखर नको म्हणतात. आपल्याकडे या धंद्याला नीट शब्दही नाही. वजन वापरणं, फिल्डिंग लावणं, सेटिंग करणं हे आपण खासगीत म्हणतो. बातमीत छापून येतं ते ‘शिष्टमंडळाने भेट घेऊन निवेदन दिले’. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याप्रमाणे लॉबिंग करणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि खर्च जाहीर करावा लागतो. भारतात असा कायदा नाही. म्हणून तर २०१२ साली आपल्या संसदेत वॉलमार्टवरून जो गदारोळ झाला तो अमेरिकी सिनेटकडे दिलेल्या कागदांवरून झाला. भारतीय बाजारात प्रवेश मिळवण्यासह अनेक विषयांवर कंपनीने २००८ पासून सुमारे अडीच कोटी डॉलर लॉबिंगवर खर्च केल्याचं त्यात होतं. आपल्या घरात कोण येऊन गेलं हे आपल्याला शेजाऱ्याच्या वहीतून कळलं.

आता कामाला लागू.

पायरी १ : चोरी सोडा, ढोंग शोधा

नवोदितांची पहिली चूक इथेच होते. भ्रष्टाचार हा उपरोधाचा विषय नाही, तो बातमीचा आणि फिर्यादीचा विषय आहे. चोर चोरी करतो आणि ‘मी चोर नाही’ म्हणतो, यात गंमत काहीच नाही. गंमत सुरू होते ती चोराने चोरीविरुद्ध व्याख्यान दिल्यावर. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही आपली म्हण नीट बघा. तिला दोन बाजू आहेत, ब्रह्मज्ञान आणि पाषाण. तुमच्याकडे नुसता पाषाण असेल तर तो कुणाच्या तरी डोक्यात घालण्यापलीकडे तुम्ही काही करू शकत नाही.

सरावासाठी कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी दहा मिनिटं उभे राहा. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. टपरीवर काय मिळतं ते बघा. वर फलकावर कोणता नट वेलदोड्याचं कौतुक करतोय ते बघा. इतक्या कोटींची जाहिरात वेलदोड्यासाठी कोण करतं, हा प्रश्न वहीत लिहा आणि घरी या. उत्तर लिहू नका. उत्तर वाचकाला येतं.

पायरी २ : दोन कागद जमवा

माझा एकच हट्ट आहे : कागद आधी, विनोद नंतर. एक कागद बोलण्याचा, एक वागण्याचा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मधे जी फट दिसते तिथे लेख असतो. फट दिसत नसेल तर लेख नाही, कितीही चुरचुरीत वाक्यं सुचोत.

मी कार्यशाळेत नेहमी एकच उदाहरण घेतो, कारण त्यात नगर आहे, दिल्ली आहे, आणि त्यातले बहुतेक विनोद कुणी लेखकाने केलेले नाहीत.

ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढली की तंबाखूच्या पाकिटांवर दोन्ही बाजूंनी ८५ टक्के जागेवर आरोग्याचा इशारा छापायचा. त्याआधी हा इशारा फक्त पुढच्या बाजूला ४० टक्के जागेवर होता. अंमलबजावणीची तारीख ठरली १ एप्रिल २०१५. सरकारी नियम तपासणाऱ्या लोकसभेच्या एका समितीकडे विषय गेला. समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी. त्यांनी मार्चअखेर सांगितलं की तंबाखूने कर्करोग होतो हे दाखवणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतात असा अभ्यास झालेला नाही. समितीचे एक सदस्य होते अलाहाबादचे तत्कालीन खासदार श्यामा चरण गुप्ता, आणि त्यांचा धंदा बिडीचा. भरपूर बिड्या ओढूनही ठणठणीत असलेली कितीतरी माणसं दाखवतो, असं ते म्हणाले. साखर, भात आणि बटाट्याने मधुमेह होतो, मग त्यांच्यावर इशारा का नाही, असंही विचारलं. १ एप्रिल आला आणि नियम पुढे ढकलला गेला.

आता दुसरा कागद. २००८ साली भारतातच झालेला एक मोठा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला होता. २०१० च्या दशकात भारतात धूम्रपानामुळे वर्षाला सुमारे १० लाख मृत्यू होतील, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि ज्या महाराष्ट्रातून समितीचे अध्यक्ष निवडून आले होते, त्याच महाराष्ट्राचे माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, म्हणजे जेमतेम सहा आठवडे आधी, तोंडाच्या कर्करोगाने गेले होते.

इथे थांबा. तुम्हाला आत्ता जे वाटलं ते वहीत लिहून ठेवा. तो लेख नव्हे, पण लेखाचं इंधन तेच आहे.

तिसरा कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं. आयुर्विमा महामंडळ सरकारी. मुदत विम्यात सिगारेट ओढणाऱ्याकडून ते जास्त हप्ता घेतं, आणि योग्यच आहे, कारण तो लवकर जाण्याची शक्यता जास्त. देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचा, आयटीसीचा, सुमारे १५ टक्के हिस्साही याच महामंडळाकडे आहे. म्हणजे माणूस ओढत राहिला तर लाभांश, आणि ओढतो असं कबूल केलं तर जादा हप्ता.

कागद कुठे मिळतात? लोकसभा आणि राज्यसभेतली प्रश्नोत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहेत, तशीच समित्यांच्या अहवालांची सोय. उमेदवाराचा धंदा आणि मालमत्ता निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात असते. कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. त्यातलं अध्यक्षांचं पहिलं पत्र जरूर वाचा, इतकं सद्गदित गद्य दुसरीकडे मिळत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. महाराष्ट्रात तो १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, आणि ही अट नवोदित लेखकाला अतिशय उपयोगी आहे. खासगी कंपनीला थेट अर्ज करता येत नाही, पण कंपनीने मंत्रालयाला लिहिलेलं पत्र मंत्रालयाकडे असतं.

एक सावधगिरी. तुमचे दोन्ही कागद नेहमी एकाच पक्षाचे निघत असतील तर तुम्ही उपरोध लिहीत नाही आहात, प्रचार करताय. त्यावर उतारा म्हणून हे घ्या. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवलं की काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी लंडनस्थित वेदान्त समूहाच्या कंपन्यांकडून घेतलेल्या देणग्या परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याचा भंग करतात. दोघेही अपिलात गेले. मग २०१६ च्या वित्त कायद्याने ‘परदेशी’ची व्याख्या मागच्या तारखेपासून सैल केली, पण ती २६ सप्टेंबर २०१० पर्यंतच मागे जात होती. २०१८ च्या वित्त विधेयकात ती तारीख बदलून ५ ऑगस्ट १९७६ केली. बेचाळीस वर्षांमागची देणगी एका ओळीने देशी झाली. विधेयक लोकसभेत गदारोळात, चर्चेविना मंजूर झालं. एरवी एकमेकांच्या हातचं पाणी न पिणारे दोन पक्ष एका तारखेखाली सुखाने नांदले. यात तुम्ही काय वाढवणार? वाढवूच नका. अशा ठिकाणी लेखकाने फक्त तारीख नीट टाइप करायची असते.

पायरी ३ : सोंग निवडा

कागद हाती आले की लगेच ‘मी’ म्हणून लिहायला बसू नका. ‘मी’ चिडलेला असतो, आणि चिडलेला माणूस फार वेळ ऐकवत नाही. आपल्याकडे याची सोय जुनी आहे. भारुडात सोंग येतं. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या भाबडा होऊन असे प्रश्न विचारतो की समोरच्याला स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागतं. खड्ड्याचा वाढदिवस करून केक कापणारी आपल्या गावातली पोरंसुद्धा तेच करतात. नगरपालिकेला शिव्या देत नाहीत, खड्ड्याला दीर्घायुष्य चिंततात.

अमेरिकेत २०११ साली स्टीफन कोल्बेर या विनोदवीराने हे सोंग कायद्याच्या कचेरीपर्यंत नेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालानंतर तिथे कंपन्यांना निवडणूक प्रचारावर अमर्याद खर्च करण्याची वाट खुली झाली होती. अट एवढीच की असा निधी गोळा करणाऱ्या गटाने उमेदवाराशी संगनमत करायचं नाही. कोल्बेरने निवडणूक आयोगाची रीतसर परवानगी घेऊन स्वतःचा असा गट काढला आणि दहा लाख डॉलरच्या वर पैसा जमवला. स्वतः उमेदवारीचं बोलायची वेळ आली तेव्हा त्याने तो गट कॅमेऱ्यासमोर आपल्या मित्राच्या, जॉन स्टुअर्टच्या, हवाली केला. वकील शेजारी उभा होता, आणि तो वकील त्याच आयोगाचा माजी अध्यक्ष. एकही कायदा मोडला नाही, आणि तेच दाखवायचं होतं. ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही’ असं आपण म्हणतो. त्याने तेही आणलं.

आपल्याला एवढी यंत्रणा लागत नाही. मराठीत उपरोधासाठी सरकारनेच काही नमुने तयार करून ठेवले आहेत. शासन निर्णय आहे : संदर्भ, प्रस्तावना, आणि शेवटी ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. निविदा सूचना आहे, जाहीर नोटीस आहे. माझा आवडता नमुना मात्र विधिमंडळातला तारांकित प्रश्न, म्हणजे आमदाराने विचारायचा आणि मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचा. ‘हे खरे आहे काय’ आणि ‘असल्यास’ या दोन खुंट्यांवर अख्खं राज्य टांगता येतं. वरच्या तंबाखूच्या प्रकरणावर मी कार्यशाळेत केलेला हा नमुना. विषय खरा, प्रश्नोत्तर अर्थातच माझं.

*पाकिटावरील चित्राच्या आकाराबाबत*

(१) पाकिटावरील इशाऱ्याचे चित्र ४० टक्क्यांवरून ८५ टक्के करण्याचा निर्णय झाला होता, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, चित्र मोठे केल्यास त्यातील आजार लोकांना दिसू लागेल अशी भीती उद्योगाने व्यक्त केली आहे, हे खरे आहे काय?
(३) असल्यास, सदर आजार पाकिटावर दिसणे इष्ट की रुग्णालयात, याची शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले?
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

*उत्तर :*
(१) हे अंशतः खरे आहे. निर्णय झाला होता, यापैकी ‘होता’ हे खरे आहे.
(२) हे खरे आहे.
(३) होय, चौकशी सुरू आहे. समितीवर तंबाखूचा प्रदीर्घ अनुभव असलेल्या सदस्यांना घेण्यात आले असून सदर अनुभव विक्रीचा आहे. परदेशी अभ्यास ग्राह्य धरू नयेत असे ठरल्याने अस्सल देशी आजार मागवण्यात आले आहेत. साखर, तांदूळ व बटाटा यांनाही म्हणणे मांडण्याची संधी देण्यात येईल.
(४) प्रश्न उद्भवत नाही.

बघा, यात एकही शिवी नाही, कुणाचं नाव नाही, पोट नाही, बॅग नाही.

पायरी ४ : ताण तर्काला द्या, तथ्याला नको

वरच्या नमुन्यात ८५ टक्के खरे आहेत, ४० खरे आहेत, समितीवरचा बिडीवाला खरा आहे, बटाटासुद्धा खरा आहे. मी फक्त त्यांचा तर्क दोन पावलं पुढे नेला. परदेशी अभ्यास चालत नसेल तर देशी आजार मागवा, एवढंच.

एका मुलीने याच विषयावर लिहिताना समितीच्या बैठकीत सोन्याच्या ताटांतून विडे वाटले होते. वाचायला मजा आली. पण ताटं खोटी आहेत हे कळल्यावर वाचकाला बिडीवाला सदस्यही खोटाच वाटतो. उपरोधात एक खोटा आकडा शिरला की तो बाकीचे खरे आकडे घेऊन बुडतो, आणि कंपनीच्या वकिलाला नेमकी तीच ओळ हवी असते.

पायरी ५ : घाव कुणाच्या अंगावर बसतो ते बघा

३ डिसेंबर २००४. भोपाळ वायुकांडाला त्या दिवशी २० वर्षं झाली. बीबीसी वर्ल्डवर डाऊ केमिकल कंपनीचा प्रवक्ता म्हणून एक गृहस्थ आला आणि त्याने जाहीर केलं की कंपनी संपूर्ण जबाबदारी स्वीकारते आणि पीडितांसाठी १,२०० कोटी डॉलर देते. युनियन कार्बाइड डाऊने २००१ मध्ये विकत घेतली होती. १९८९ च्या तडजोडीत पीडितांसाठी मिळाले होते ४७ कोटी डॉलर. हा प्रवक्ता तोतया होता. ‘द येस मेन’ या अमेरिकी जोडगोळीतला एक. खुलासा होण्याआधी २३ मिनिटांत फ्रँकफर्टच्या बाजारात डाऊचा शेअर ४.२ टक्के घसरला, सुमारे २०० कोटी डॉलरचं मूल्य गेलं.

या सोंगाचा खरा डाव घसरणीतही नव्हता. तो खुलाशात होता. कंपनीला जगासमोर सांगावं लागलं की छे, छे, आम्ही जबाबदारी घेतलेली नाही आणि पैसेही देणार नाही. ‘सामाजिक बांधिलकी’च्या चकचकीत पुस्तिका छापणाऱ्या कंपनीकडून हे वाक्य एरवी कुणी काढून घेतलं असतं? कारागिरी म्हणून मला याहून सरस उदाहरण माहीत नाही.

आणि तरीही मी ते नवोदितांना अनुकरणासाठी देत नाही. त्या दिवशी काही काळ भोपाळमधल्या माणसांनाही ते खरं वाटलं होतं. वीस वर्षं थांबलेल्या माणसाला बातमी येते आणि विरून जाते. येस मेनचं म्हणणं असं की ही निराशा कंपनीने दिलेल्या दुःखापुढे काहीच नाही. असेलही. पण तो हिशेब मांडायचा हक्क लेखकाला आहे का, याबद्दल माझं मन अजून थाऱ्यावर नाही.

तंबाखूच्या प्रकरणातही असा एक कागद आहे आणि तो मी नमुन्यात घेतलेला नाही. सरकारच्या तंबाखूविरोधी जाहिरातीत आपली कहाणी सांगणारी मध्य प्रदेशातली एक तरुण स्त्री तोंडाच्या कर्करोगाने १ एप्रिल २०१५ रोजी गेली. ज्या दिवशी ८५ टक्के लागू व्हायचे होते, त्याच दिवशी. ही तारीख इतकी नेमकी आहे की हात शिवशिवतो. तिच्यावर वाक्य रचायचं नाही. बातमीत ती येईल, श्रद्धांजलीत येईल. उपरोधात आली की ती तुमच्या हुशारीचा दाखला होते.

(८५ टक्क्यांचा नियम शेवटी १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला. तत्पूर्वी समितीने अहवालात ५० टक्के पुरेत असं सुचवलं होतं. हे सांगितल्यावर कार्यशाळेत हमखास कुणीतरी विचारतं, मधल्या वर्षाचं काय? मी म्हणतो, भाग (४) वाचा.)

पायरी ६ : वकिलाला घाबरू नका, पण त्याच्या डोळ्यांनी एकदा वाचा

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खरी आणि लोकहितासाठी सांगितलेली गोष्ट हा त्यातला अपवाद. मात्र ती खरी असल्याचं दाखवायची वेळ तुमच्यावर येते, म्हणून दुसऱ्या पायरीतले कागद फेकू नका. कंपनी दिवाणी दावाही लावू शकते.

धीर येण्यासाठी एक निकाल लक्षात ठेवा. ओडिशात तेव्हा टाटांची भागीदारी असलेल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडली कासवांना धोका आहे असं म्हणत ग्रीनपीसने एक संगणकीय खेळ काढला, त्यात कासवं टाटांच्या बोधचिन्हापासून पळत होती. टाटा सन्सने दिल्ली उच्च न्यायालयात १० कोटींचा दावा लावला. २८ जानेवारी २०११ रोजी न्यायालयाने खेळावर तात्पुरती बंदी घालायला नकार दिला. टीकेसाठी, विडंबनासाठी बोधचिन्ह वापरणं म्हणजे त्याचा व्यापारी गैरवापर नव्हे, असा त्याचा सूर होता. दुसरीकडे, २०१२ मध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना थेट राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती, हेही विसरू नका. टाटांच्या दाव्यात दोन्हीकडे नामांकित वकील होते. तुमच्याकडे बहुधा चुलतभाऊ असेल.

व्यवहारात तीन गोष्टी करा. लेखावर ‘उपरोध’ असं स्पष्ट लिहा, कारण व्हॉट्सॲपवर चौथ्या गटात पोचेपर्यंत तुमचा तारांकित प्रश्न खरा झालेला असतो. सरकारी मुद्रा, खरा जावक क्रमांक, खऱ्या अधिकाऱ्याची सही वापरू नका. आणि हेतूबद्दल विधान करू नका. ‘पैसे खाऊन नियम अडवला’ हे सिद्ध करावं लागतं. ‘समितीवर बिडी उद्योजक होते’ हे सिद्धच आहे.

पायरी ७ : त्या खात्यातल्या माणसाला वाचून दाखवा

मित्रांना दाखवू नका, मित्र हसतातच. ज्या भाषेचं सोंग घेतलंय ती भाषा जन्मभर लिहिलेला माणूस शोधा. वरचा नमुना मी आमच्या सोसायटीतल्या एका काकांना दाखवला. मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. चष्मा लावून त्यांनी पूर्ण वाचला. चेहऱ्यावर रेषा हलली नाही. मग पेन्सिल मागितली.

“भाग तीन चुकलाय,” ते म्हणाले. “‘होय, चौकशी सुरू आहे’ असं कधी लिहीत नाहीत. पुढच्या अधिवेशनात विचारतील ना, झाली का म्हणून.”

“मग काय लिहू?”

त्यांनी ती ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं : ‘ही बाब तपासून पाहण्यात येत आहे.’